चावी नसलेली फटफटी

“सरक जरा.”

अक्कांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले शब्द. माझं डोकं तेव्हा एका जीपच्या बॉनेटखाली होतं. वळून पाहतो तो पांढऱ्या नऊवारीचा घट्ट काष्टा मारलेली, चाळिशीतली एक बाई माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये शिरून उभी. जीप दवाखान्याची होती आणि ही बाई त्या दवाखान्याची नर्स.

“काय बिघडलंय ते मला दिसू दे,” त्या म्हणाल्या. “उद्या डोंगरात बंद पडली तर तू येणार आहेस का तिथं?”

मी सरकलो. अक्कांनी ‘सरक’ म्हटलं की शिरपुरात भलेभले सरकत. बाळंतिणीच्या दारात ठाण मांडून बसलेला सासरा सरकायचा. मोटारस्टँडवर अख्खं बाकडं अडवून झोपलेला पाटील डोळे न उघडताच पाय आखडून घ्यायचा. आवाज मोठा नव्हता हो त्यांचा. पण आपण सरकणारच आहोत याबद्दल त्यांना इतकी खात्री असायची, की आपलीही होऊन जायची.

माझं गॅरेज म्हणजे त्या वेळी शिरपूरच्या रस्त्याकडेला चार लाकडी खांबांवर टाकलेले पत्रे. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं होतं, आणि लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या खानदेशात जिकडेतिकडे येऊन पडल्या होत्या. धुळ्याची एक धर्मादाय संस्था सातपुड्याच्या पायथ्याशी दवाखाना चालवायची. तिने एक जीप घेतली आणि तिच्याबरोबर एक छोटी टू-स्ट्रोक फटफटीही. इतकी हलकी, की दोन माणसांनी उचलून नाल्यापार न्यावी. ती डॉक्टरांसाठी होती. डॉक्टर एकदाच बसले, निवडुंगात पडले आणि पुन्हा तिच्याकडे फिरकले नाहीत. फटफटी दवाखान्यामागच्या कडुलिंबाखाली कोंबड्यांची झाली.

अक्कांनी कोंबड्या हाकलल्या आणि फटफटी बैलगाडीत घालून माझ्याकडे आणली.

“ही चालवायला शिकव मला.”

“अक्का, तुम्ही?”

“का? जीप जिथं थांबते तिथून पुढे पाड्यांवर मी पायीच जाते ना? पायी जायला कोणी हरकत घेत नाही. बसून जायला का घ्यावी?”

उन्हाळ्यात अरुणावतीचं पात्र कोरडं पडलं की मैल-मैल वाळू असते. तिथं त्या शिकल्या. पडल्या किती वेळा ते विचारू नका. पडल्या की मला उचलू देत नसत, आणि आधी गाडी उभी करत, मग स्वतःला झटकत. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. एकीने ओरडून विचारलं, “अक्का, लाज नही वाटस का वं?” अक्कांनी गाडी थेट तिच्यापर्यंत नेली आणि म्हणाल्या, “मागं बैस. तुनी बी लाज मोडी टाकू.” ती बाई खरंच बसली! धुणं तसंच राहिलं.

अक्का मूळच्या जळगावजवळच्या पिंप्राळ्याच्या. माहेरी केळीच्या बागा, भरलेलं घर. लग्न लवकर झालं आणि लवकरच मोडलं. शिरपुरातल्या कोणीतरी एकदा, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, “नवऱ्याने टाकलेली दिसते,” असं म्हटलं होतं. अक्का मागे वळल्या. “चुकलात,” त्या म्हणाल्या, “मी टाकलंय त्याला.” आणि पुढे चालू लागल्या. त्यानंतर त्या जळगावच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकल्या. घरच्यांनी नाव टाकलं, तेव्हा सातपुड्यातली, दुसरं कोणी घेत नव्हतं ती जागा मागून घेतली.

पुढची काही वर्षं त्या फटफटीने डोंगर पालथा घातला. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं ते अक्का औषधाच्या खुणा केलेल्या बाटलीने मोजायच्या. पाठीला बॅग, डोक्याला रुमाल, आणि पुढच्या दिव्याला कधीकधी बांधलेली एखाद्या पाड्यावरची भेट, म्हणजे भोपळा नाहीतर जिवंत कोंबडा. गाडी दमली तेव्हा मी म्हटलं, आता इंजिन पूर्ण उघडून नवा पिस्टन घालायला हवा. पण संस्थेचे सेक्रेटरी धुळ्यातले नामांकित वकील, आणि तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपाचा मालक त्यांच्या बैठकीतला. फटफटी तिकडे गेली. परत आली तेव्हा टाकीसुद्धा नव्या रंगात चकाकत होती. अक्का खूश झाल्या आणि मीही. त्या वर्कशॉपाचं नाव मोठं होतं.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. कापूस वेचणीचे दिवस होते. घाटापलीकडच्या एका पाड्यावरून पावरा समाजाचा एक तरुण धावत आला. त्याची बायको अडली होती. अक्का निघाल्या. घाटाच्या मधोमध, चढावर, इंजिनात खणखण असा आवाज झाला आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. अक्का हँडलवरून पुढे दगडांत फेकल्या गेल्या. डावं मनगट मोडलं. त्यांनी पदर फाडून हात गळ्यात बांधला, बॅग उजव्या खांद्यावर घेतली आणि उरलेला घाट पायी चढल्या.

त्या पोचल्या तेव्हा मूल जन्मलेलं होतं. आईच्या अंगातलं रक्त थांबत नव्हतं. अक्कांनी एका हाताने जेवढं करता येईल तेवढं केलं. कोवळी पोर होती ती. त्यांच्या मांडीवर गेली. लेकरू जगलं आणि आजीच्या हातांत शेळीच्या दुधावर वाढलं.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी दिसली ती गॅरेजसमोर येऊन थांबलेली बैलगाडी, तिच्यात आडवी पडलेली फटफटी आणि शेजारी बसलेल्या, हाताला लाकडी पट्ट्या बांधलेल्या अक्का. गाडीवानाला वाईट वाटत होतं. म्हणाला, “अक्का, फटफटी मरी गयी का?”

“मरी नही गयी,” अक्का म्हणाल्या. “मारी टाकी.”

मग माझ्याकडे वळून, “उघड. माझ्यासमोर.”

आता थोडं तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पिस्टन म्हणजे सिलिंडरच्या नळीत वर-खाली धावणारा धातूचा डबा. त्याच्या पोटातून आडवी एक पोलादी पिन जाते आणि त्या पिनेला कनेक्टिंग रॉड धरलेला असतो. पिन डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना पिस्टनमधल्या बारीक खाचेत तारेचं एकेक कडं बसवतात. एका जागी तोंड उघडं असलेलं, लहान मुलीच्या कानातल्या बाळीएवढं. त्याला आम्ही क्लिप म्हणतो. क्लिप निसटली की पिन बाहेर येते आणि सिलिंडरच्या भिंतीला भिडते. मग इंजिनाचं जे होतं ते कसायाच्या दुकानातही बघवत नाही.

मी सिलिंडर वर ओढला. आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत खोल चर पडलेला होता, नांगराने ओढल्यासारखा. एका बाजूची क्लिप जागेवर नव्हती. तिचे तुकडे सिलिंडरखालच्या पोकळ पेटीत, क्रँकच्या कोठीत सापडले. दुसरी मात्र खाचेत होती, आणि तीच बोलली. पिस्टन नवा, पिन नवी, पण क्लिप काळवंडलेली, पक्कडीचे दात उमटलेली, दाबून चपटी झालेली. जुन्या पिस्टनमधून काढून नव्यात घातलेली. शिवाय तिचं उघडं तोंड बाजूला, आडवं ठेवलेलं. मी रॉड तपासला, तर तोही किंचित वाकलेला. वाकडा रॉड पिनेला सतत एकाच बाजूला ढकलत राहतो आणि सगळा मार त्या बाजूच्या क्लिपेवर येतो.

अक्का माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. मी एकेक गोष्ट दाखवली. त्या म्हणाल्या, “नवी क्लिप मिळत नाही का?”

“मिळते की.”

“महाग असते?”

“कसली महाग! पिस्टनपुढे काहीच नाही.”

“मग?”

या ‘मग’चं खरं उत्तर असं, की जुनी क्लिप हाताशी असते, दिसायला गोल असते आणि तेवढ्यासाठी कोण थांबणार?

संस्थेची सभा धुळ्याला बोलावली गेली. अक्कांनी मला बरोबर घेतलं. मला वाटलं, साक्षीसाठी. पण त्यांना दार उघडायला एक धड हातांचा माणूस हवा होता, एवढंच. कारण त्यांच्या उजव्या हातात दवाखान्यातला पांढरा इनॅमलचा ट्रे होता, वर जाळीचं कापड. त्यांनी तो ट्रे मेजावर ठेवला तेव्हा दोन सभासद खुर्चीसकट मागे झाले. त्यांना वाटलं, आत माणसाचा एखादा अवयव आहे. अक्कांनी कापड बाजूला केलं. आत तो पिस्टन, ती पिन आणि क्लिपेचे तुकडे.

सेक्रेटरी सभ्य माणूस होते, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी आधी हाताची चौकशी केली. मग म्हणाले, “बाई, तुमच्या धैर्याचं आम्हाला कौतुकच आहे. पण चढावर गाडी फार तापवली गेली असं वर्कशॉपचं म्हणणं आहे. शेवटी ही यंत्रं पुरुषाच्या हातातलीच.”

“यंत्र पुरुषाच्याच हातात होतं,” अक्का म्हणाल्या. “धुळ्यात. तिथंच मोडलं ते. माझ्या हातात आल्यावर फक्त कळलं.”

कोणी हसलं नाही. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. म्हणाले, झालं ते दुर्दैवी, पण एका मेलेल्या बाईवरून एका प्रतिष्ठित माणसावर ठपका ठेवायचा का? एवढ्याशा तारेवरून?

“मी वेळेवर पोचले असते तर ती वाचलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही,” अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “बाळंतपणात काय होईल ते मला अजूनही सांगता येत नाही. पण मी तिथं असायला हवी होते. ती माझी वाट बघत होती. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलं होतं, अक्का फटफटीवर येतायत. ते ऐकत ती पडून होती. मी घाटात दगड मोजत होते ते कशामुळे, हे मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही. तारेला एवढीशी म्हणू नका.”

सभेने ठराव केला. फटफटी विकायची आणि नर्सने यापुढे जीप जाईल तिथपर्यंतच जायचं. सेक्रेटरींनी मऊ आवाजात ते वाचलं आणि म्हणाले, “गाडीची चावी उद्या जमा करा.”

“या गाडीला चावी नाही,” अक्का म्हणाल्या.

“म्हणजे?”

“चावीच नसते हिला. लाथ मारली की सुरू होते.”

तेव्हा मात्र कोपऱ्यातले एक म्हातारे सभासद खो-खो हसले, आणि सेक्रेटरी लाल झाले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ट्रेवर कापड घातलं, मला दार उघडायची खूण केली आणि बाहेर पडल्या.

पायऱ्या उतरल्यावर त्या एका कट्ट्यावर बसल्या. ट्रे मांडीवर होता आणि त्यातला पिस्टन खडखडत होता. मी पाणी आणलं. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, “मिस्तरी, इंजिन तुझ्याकडे आहे ना? कोणाला देऊ नको.”

फटफटी न्यायला संस्थेचा माणूस ट्रक घेऊन आला तेव्हा गॅरेजात नुसता सांगाडा होता. चाकं, हँडल आणि ती चकाकती टाकी. इंजिन कुठंय, त्याने विचारलं. मी म्हटलं, कामाला आहे. कोणाच्या सांगण्यावरून? अक्कांच्या. अक्का कोण लागून गेल्या? मी म्हटलं, “त्यांनी काम दिलंय. त्या म्हणतील तेव्हाच देईन.” तो गेला. दवाखान्याची जीप त्यानंतर माझ्याकडे दुरुस्तीला आली नाही. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या जागी तुम्ही असता आणि मांडीवरचा तो खडखडणारा ट्रे तुम्ही पाहिला असता, तर तुम्हीही दुसरं काही केलं नसतं.

सामान आणायला आम्ही जळगावला गेलो. तिथं एका मारवाडी शेठचं सुट्या भागांचं दुकान होतं, सराफ बाजाराला लागून. शेठ गादीवर बसून पिस्टनसुद्धा दागिन्यासारखा लाल कापडावर ठेवून दाखवायचे. पिस्टन होता. पिन होती. क्लिपा संपल्या होत्या.

“पुराना लगा दो ना, बेन,” शेठ म्हणाले. “सगळेच लावतात.”

“शेठजी, तुमच्या घरी बाळंतपण झालं तर दुसऱ्या बाईला घातलेला टाक्याचा दोरा उसवून आणू का?”

शेठनी दोन्ही कानांना हात लावले. त्याच दिवशी त्यांनी मुंबईला कळवलं. क्लिपा आल्या त्या औषधाच्या पुडीएवढ्या पाकिटात, आणि सोबत शेठच्या घरची पेढ्यांची पुडी. अक्कांनी पेढे वाटले आणि पाकीट मात्र कमरेला खोचून ठेवलं.

इंजिन जोडलं तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. चर जाईल इतका आतून घासून, सिलिंडर बोअर करून आणला होता, रॉड सरळ करून पुन्हा पुन्हा तपासला होता. अक्का पिंपावर बसल्या होत्या आणि मी काय करतो ते मोठ्याने सांगायचं, अशी त्यांची अट होती.

“आता हे फडकं कोठीच्या तोंडात कोंबतो. क्लिप हातातून उडाली तर खाली पडायला नको.”

“बरं.”

“खाच साफ केली. नखाने बघा, कुठं कचरा, कुठं कड लागते का.”

त्यांनी खाचेतून नख फिरवलं. “नाही लागत.”

“आता नवी क्लिप. लागेल तेवढीच दाबायची. जास्त दाबली की तिच्यातली ताकद जाते आणि मग ती नवी असून जुनीच. तोंड बरोबर खाली ठेवायचं. पिस्टन वर-खाली आपटतो ना, तोंड आडवं असलं की क्लिप मिटते आणि उडते. वर किंवा खाली असलं तर धरून राहते.”

टक असा बारीक आवाज झाला.

“बसली?” अक्कांनी विचारलं.

“आवाजावर जायचं नाही. हे बघा, सुईने फिरवून बघायची. जड फिरली आणि सगळीकडून खाचेच्या आत दिसली, म्हणजे बसली.”

“दे इकडे. दुसरी मी बसवते.”

त्यांचं मनगट अजून नीट वळत नव्हतं. पहिली क्लिप उडाली आणि गॅरेजच्या धुळीत गेली. मी ती शोधायला वाकलो. “सोड,” त्या म्हणाल्या, “ती आता आपली नाही.” आणि पाकिटातून नवी काढली. कपाळावर घाम आला होता. ओठ दाताखाली धरले होते. मला सारखं वाटत होतं, पुढे व्हावं आणि करून टाकावं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. ती बसली. सुईने त्यांनी ती फिरवून पाहिली, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग पिस्टनवर पालथा हात ठेवला. बाळाचं पोट चाचपतात तसा. आणि रडल्या. त्या घाटातल्या दिवसापासून त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं. मी उगाच नट खोलायचे पाने पुसत बसलो.

थोड्या वेळाने नाक पुसून त्या म्हणाल्या, “हं. पुढं काय?”

फटफटी परत डोंगरात गेली. परवानगी मिळाली असं समजू नका. ती कधीच मिळाली नाही. ठराव तसाच राहिला आणि अक्काही तशाच. पुढच्या वर्षी देवीची साथ आली तेव्हा जीप पायथ्याशी उभी राहिली आणि लस घेऊन पाड्यापाड्यांवर गेल्या त्या अक्का. धुळ्याहून पाहुणे आले की संस्था त्यांना पाड्यांवरचं काम अभिमानाने सांगायची. ते कशावर बसून होतं, हे कोणी विचारलं तर सेक्रेटरी विषय बदलत. मला वाटतं, हरणं सोसायची त्यांची ती रीत असावी. एकदा ते स्वतः गॅरेजवरून जाताना थांबले. अक्का पिंपावर बसल्या होत्या, मी इंजिन उघडलेलं. ते आत वाकून पाहू लागले. अक्का म्हणाल्या, “सरका जरा, उजेड अडतोय.” आणि सेक्रेटरी सरकले.

पुढे सरकारी दवाखाना झाला आणि संस्थेने आपला गुंडाळला. अक्कांना धुळ्याच्या कचेरीत खुर्ची देऊ केली होती, पंख्याखाली. त्यांनी निरोप पाठवला की पंख्याने डोकं दुखतं. मग त्या डोंगरातच राहिल्या, घाटापलीकडे, एका पाड्याच्या कडेला कुडाचं घर बांधून. फटफटी संस्थेची होती. ती परत मागायला कोणी गेलं नाही.

मी एकदाच तिकडे गेलो. वर्ष उलटून गेलं तरी त्या इंजिन तपासायला आल्या नव्हत्या, म्हणून मीच हत्यारं पिशवीत टाकून निघालो. घाट चढताना मी ती जागा ओळखायचा प्रयत्न केला, पण सगळे दगड सारखेच. घराला कुलूप नव्हतं. कडीत नुसती काडी खोवलेली. अंगणात एक म्हातारा दोरी वळत बसला होता.

“अक्का?” मी विचारलं.

“नही शे. बाळंतपणले गयी. येवाले येळ लागी.”

मी ओसरीवर बसलो. भिंतीला लुगडं वाळत होतं, चुलीजवळ पेट्रोलचा डबा ठेवलेला नाही हे पाहून बरं वाटलं. म्हाताऱ्याने ताक दिलं. दुपार कलली. खाली शेवटची मोटार गाठायची होती, म्हणून हत्यारांची पिशवी तशीच उचलून निघालो. पुढच्या पावसाळ्यानंतर अक्का गेल्याची बातमी आली. त्यांची माझी भेट राहिली ती राहिलीच.

पण त्या दिवशी घाटाच्या वळणावर मी थांबलो होतो. पलीकडच्या धारेवरून, कुठूनतरी साग आणि अंजनाच्या झाडांतून, आवाज येत होता. दिसत काही नव्हतं. मी मान कलती करून ऐकलं, सवयीने. चढ होता, गिअर खाली टाकलेला, आणि इंजिन एकसुरात, कुठं खट न करता ओढत होतं. आवाज जवळ येत नव्हता. तो आणखी वर, आणखी आत चालला होता.